चिमुकली 'चिप' सांगेल हरवलेल्या प्राण्याचा पत्ता

दिवाळीत फटाक्यांचा दणदणाट सुरू झाला की घाबरलेली पाळीव कुत्री-मांजरे घराबाहेर पळतात आणि अनेकदा परतीची वाट चुकतात. गळ्यातील पट्टा तुटला, बिल्ला पडला की त्यांची ओळखच पुसली जाते. या अडचणीवर जगभरात रूढ झालेला उपाय म्हणजे 'मायक्रोचिप'.

तांदळाच्या दाण्याएवढी, साधारण १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड अशी ही चिप शरीराला अपाय न करणाऱ्या काचेच्या आवरणात बंद असते. पशुवैद्यक ती सुईच्या साह्याने दोन्ही खांद्यांच्या मधोमध त्वचेखाली बसवतात. ही सुई लसीच्या सुईपेक्षा जाड असली, तरी त्यासाठी सहसा भूल द्यावी लागत नाही.

चिपमध्ये बॅटरी नसते, त्यामुळे ती संपण्याचा प्रश्नच नाही. वाचकयंत्र, म्हणजे 'स्कॅनर', जवळ नेला की त्याच्या रेडिओलहरींतून चिपला क्षणभर ऊर्जा मिळते आणि ती आपला क्रमांक कळवते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार हा क्रमांक १५ अंकी असतो आणि चिप १३४.२ किलोहर्ट्झ या वारंवारितेवर चालते. पहिल्या तीन अंकांवरून देश किंवा उत्पादक समजतो. चिप त्वचेखाली थोडी सरकू शकते. म्हणून स्कॅनर केवळ मानेवर नव्हे, तर खांदे, पाय आणि पोटाच्या बाजूंवरूनही फिरवणे आवश्यक असते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. प्राणी या क्षणी कोठे आहे, हे चिप सांगत नाही. ती 'जीपीएस' नव्हे. मालकाचे नाव किंवा पत्ताही तिच्यात नसतो. असतो तो केवळ क्रमांक. त्या क्रमांकापुढे नोंदवहीत आपला दूरध्वनी लिहिलेला असेल, तरच तिचा उपयोग. अमेरिकेतील ५३ निवारा केंद्रांच्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चिप असलेल्या हरवलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे ५२ टक्के मालकांकडे परतले. सर्व हरवलेल्या कुत्र्यांचा विचार करता हे प्रमाण सुमारे २२ टक्केच होते. चिप असूनही मालक न सापडण्याचे प्रमुख कारण होते चुकीचा किंवा बंद पडलेला दूरध्वनी क्रमांक.

ब्रिटनमध्ये एप्रिल २०१६ पासून कुत्र्यांना चिप बसवणे बंधनकारक आहे. इंग्लंडमध्ये जून २०२४ पासून हा नियम मांजरांनाही लागू झाला. आपल्याकडे मुंबई, पुण्यासारख्या शहरांत कुत्रा पाळण्यासाठी महापालिकेचा परवाना घ्यावा लागतो. मात्र परवान्याचा कागद घरी राहतो. चिप प्राण्याबरोबर राहते.

नोकरी-शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या कुटुंबांनी तर याची विशेष दखल घ्यावी. भारतातून युरोपीय संघातील देशांत कुत्रा किंवा मांजर न्यायचे असल्यास आधी चिप आणि मगच रेबीजची लस, हा क्रम पाळावा लागतो. चिपपूर्वी दिलेली लस ग्राह्य धरली जात नाही. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो आणि अहवाल समाधानकारक आल्यास नमुना घेतल्यापासून तीन महिने थांबावे लागते. म्हणजेच तयारी किमान चार महिने आधी सुरू व्हायला हवी. क्रम चुकला, तर विमानाचे तिकीट हाती असूनही घरातील हा सदस्य मागे राहू शकतो.

चिप बसवताना पशुवैद्यकांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत : ती आंतरराष्ट्रीय मानकाची आहे काय, क्रमांक कोणत्या नोंदवहीत जाणार आणि पत्ता बदलल्यास नोंद कशी बदलायची? वार्षिक लसीकरणाच्या वेळी चिप वाचून घेण्याचीही सवय ठेवावी. पट्टा आणि बिल्लाही काढू नये. कारण स्कॅनर प्रत्येकाजवळ नसतो, बिल्ल्यावरचा क्रमांक मात्र रस्त्यावरचा कोणीही वाचू शकतो.