केप टाउन ते नैरोबी : दोघांचा प्रवास, अनेकांचा आधार

२३ सप्टेंबर १९२४ रोजी मेजर चॅपलिन कोर्ट ट्रीट आणि त्यांची पत्नी स्टेला हे दांपत्य मोजक्या सहकाऱ्यांसह केप टाउनहून निघाले. सोबत क्रॉसली कंपनीच्या दोन गाड्या होत्या आणि उद्दिष्ट होते मोटारीने थेट कैरो गाठण्याचे. संपूर्ण आफ्रिका दक्षिणोत्तर पार करणारी पहिली मोटार मोहीम म्हणून तिची नोंद झाली. २४ जानेवारी १९२६ रोजी, म्हणजे तब्बल सोळा महिन्यांनी, ही मंडळी कैरोत पोहोचली. मात्र या सोळा महिन्यांतील मोठा काळ त्यांना पुढे जाण्यात नव्हे, तर चिखलात रुतलेल्या गाड्या बाहेर काढण्यात घालवावा लागला. सप्टेंबरात केप सोडल्यामुळे ते ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, पोहोचले ते नेमक्या पावसाच्या तोंडावर. स्टेला यांनी १९२७ मध्ये या प्रवासाचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यामुळे या दांपत्याचे नाव इतिहासात राहिले. गाड्यांना दोर बांधून ओढणाऱ्या स्थानिक माणसांची नावे मात्र फारशी कोणाच्या लक्षात राहिली नाहीत.

आज शंभर वर्षांनंतर या वाटेच्या दक्षिणेकडील अर्ध्या भागाचे, केप टाउन ते नैरोबी या टप्प्याचे, जगभरातील भटक्या जोडप्यांना विलक्षण आकर्षण आहे. रस्ता बव्हंशी डांबरी झाला आहे. थेट गेल्यास हे अंतर साडेपाच ते सहा हजार किलोमीटर भरते. अभयारण्ये, सरोवरे आणि वाळवंट पाहत गेल्यास ते सहज दहा-बारा हजारांवर जाते. गाडी, छतावर उघडणारा तंबू, छोटा फ्रीज, पाण्याची टाकी असा संसार घेऊन चार-सहा महिने फिरायचे, असे या प्रवासाचे स्वरूप असते. चित्र मोहक आहे. पण हा प्रवास तडीस जातो तो कशाच्या बळावर आणि फसतो तो कशामुळे, हे समजून घेणे अधिक महत्त्वाचे आहे.

ऋतूचे गणित

कोर्ट ट्रीट दांपत्याला जो धडा महागात पडला, तोच आजही पहिला नियम आहे. झांबिया, मलावी आणि झिम्बाब्वे या पट्ट्यात साधारण नोव्हेंबर ते एप्रिल हा पावसाचा काळ असतो. काळ्या मातीचे रस्ते तेव्हा साबणासारखे निसरडे होतात आणि अभयारण्यांतील अनेक वाटा बंद पडतात. त्यामुळे उत्तरेकडे जाणारी जाणती मंडळी एप्रिल-मे महिन्यांत केप टाउन सोडतात. मे-जूनमध्ये नामिबिया, जुलै-ऑगस्टमध्ये बोट्स्वाना व झांबिया, त्यानंतर टांझानिया आणि नोव्हेंबरचा पाऊस येण्यापूर्वी केनिया, असा हा क्रम असतो. कोरड्या ऋतूत पाणवठे आटतात आणि उरलेल्या पाण्यापाशी प्राणी गोळा होतात. वन्यजीव पाहण्यासाठीही हाच काळ उत्तम ठरतो.

भारतीयांच्या दृष्टीने एक सोय म्हणजे दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोट्स्वाना, झांबिया, मलावी, टांझानिया व केनिया या सर्व देशांत वाहतूक आपल्याप्रमाणेच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते. रवांडाकडे वळल्यास मात्र सीमा ओलांडताच उजवी बाजू धरावी लागते.

कागदपत्रांचा प्रवास

या प्रवासात माणसांइतकीच गाडीचीही तपासणी होते. कोणत्याही देशाला परदेशी गाडीविषयी एकच भीती असते. ती म्हणजे आयात शुल्क न भरता ही गाडी येथेच विकली तर? यावर तोडगा म्हणून 'कार्नेट द पासाज' ही व्यवस्था जगभर वापरली जाते. ते जणू गाडीचे पारपत्रच. गाडी देशाबाहेर गेली नाही, तर शुल्काची हमी कार्नेट देणारी संस्था घेते. त्या बदल्यात मालकाकडून मोठी अनामत किंवा बँकेची हमी घेतली जाते. भारतात हे काम मुंबईतील वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही संस्था करीत आली आहे. कार्नेटची मुदत वर्षभराची असते. प्रत्येक प्रवेशाचा आणि निर्गमनाचा शिक्का त्यावर बसलाच पाहिजे. घाईत एक शिक्का राहिला, तर गाडी त्या देशातून बाहेर पडलीच नाही असे मानले जाऊन अनामत अडकू शकते.

दक्षिणेकडील पाच देशांत हा व्याप कमी होतो. दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोट्स्वाना, लेसोथो आणि एस्वातिनी यांचा १९१० पासून चालत आलेला सीमाशुल्क संघ आहे आणि तो जगातील सर्वांत जुना मानला जातो. कार्नेटच्या दृष्टीने हा सारा प्रदेश एकच धरला जातो. पुढे झांबियात शिरताना मात्र कार्बन कर, रस्ता कर, विमा अशा निरनिराळ्या खिडक्यांवर उभे राहावे लागते. विम्यासाठी 'कोमेसा' गटाचे पिवळे कार्ड उपयोगी पडते. एका देशात घेतलेला तृतीय पक्ष विमा या कार्डामुळे झांबिया, मलावी, टांझानिया, केनिया अशा अनेक देशांत ग्राह्य धरला जातो.

स्वतःची गाडी जहाजाने पाठविणे परवडत नसल्यास केप टाउन, जोहान्सबर्ग किंवा विंडहोक येथे तंबूसह सुसज्ज गाडी भाड्याने मिळते. मात्र गाडी कोणकोणत्या देशांत नेता येईल, याचे मालकाचे लेखी परवानगीपत्र जवळ असावे लागते. व्हिसाचे नियम वरचेवर बदलतात. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी आगाऊ ऑनलाइन प्रवास परवान्याची पद्धत सुरू केली, हे त्याचे एक उदाहरण. निघण्यापूर्वी प्रत्येक देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर खात्री करून घेणे आवश्यक ठरते.

पाणी, इंधन आणि टायर

नामिबियाचे क्षेत्रफळ सुमारे सव्वाआठ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीच पटींहून अधिक. लोकसंख्या मात्र सुमारे ३० लाख, म्हणजे पुणे शहराहूनही कमी! या दोन आकड्यांवरून तेथील रस्त्यांची कल्पना यावी. तासन्‌तास समोरून गाडी येत नाही. अशा ठिकाणी पुढचे गाव किती किलोमीटरवर आहे, यापेक्षा पुढचा पंप कुठे आहे आणि तेथे डिझेल खरोखर आहे का, हा प्रश्न महत्त्वाचा असतो. म्हणून वीस लिटरचे एक-दोन कॅन आणि पिण्याच्या पाण्याचा वेगळा साठा जवळ ठेवतात. मलावीत २०२२ पासून परकीय चलनाच्या चणचणीमुळे इंधनाची टंचाई वारंवार निर्माण झाली. त्यामुळे सीमेपूर्वीच टाकी भरून घेण्याची खबरदारी तेथे घ्यावी लागते.

नामिबियातील बहुसंख्य रस्ते मुरमाचे व खडीचे आहेत. ते सपाट आणि सरळ असल्याने वेग वाढविण्याचा मोह होतो आणि तेथेच घात होतो. सैल खडीवर जोराने ब्रेक मारला किंवा चाक एकदम वळविले, की जड छताची गाडी उलटते. ताशी ८० किलोमीटरची मर्यादा त्यासाठीच पाळायची असते. बोट्स्वानातील खोल वाळूत टायरमधील हवा बरीच कमी करावी लागते. त्यामुळे टायर पसरतो, वजन विभागले जाते आणि गाडी रुतत नाही. डांबरी रस्त्यावर परतण्यापूर्वी मात्र हवा पुन्हा भरलीच पाहिजे, अन्यथा टायर तापून फुटण्याचा धोका असतो. हवा भरण्याचा छोटा कंप्रेसर ही म्हणूनच चैनीची वस्तू ठरत नाही.

बोट्स्वानात आणखी एक अडथळा भेटतो तो गुरांच्या कुंपणांचा. लाळ्या-खुरकत रोगाचा प्रसार थांबविण्यासाठी देशात ठिकठिकाणी अशी कुंपणे घातली आहेत. फाटकावर गाडीतील कच्चे मांस जप्त होते; चाके आणि पादत्राणे जंतुनाशकातून न्यावी लागतात. गोमांसाच्या निर्यातीवर अनेकांची उपजीविका अवलंबून असल्याने ही तपासणी काटेकोर असते.

रात्र वैऱ्याची

या वाटेवर सिंहापेक्षा भीती बाळगावी ती अंधाराची. सूर्यास्तानंतर गाडी चालवायची नाही, हा अनुभवी प्रवाशांचा अलिखित नियम आहे. रस्त्यावर दिवे नसतात. गुरे ऊब शोधत डांबरावर येऊन बसतात, बंद पडलेले ट्रक दिव्याविना उभे असतात आणि माणसे कडेने चालत असतात. बोट्स्वानात सुमारे १ लाख ३० हजार हत्ती आहेत आणि काझुंगुलाकडे जाणारा महामार्ग ते मुक्तपणे ओलांडतात. टांझानियात तर मुख्य महामार्गच मिकुमी राष्ट्रीय उद्यानातून जातो.

जंगलातील अनेक तळांना कुंपण नसते. छतावरील तंबू वापरण्याचे कारण हेच. तंबूत खाद्यपदार्थ ठेवायचे नाहीत, फळे बंद डब्यात ठेवायची आणि रात्री खाली उतरायचे नाही, ही शिस्त पाळली तर प्राणी सहसा वाट्याला जात नाहीत.

त्याहून खरा धोका आहे डासाचा. झांबियापासून पुढे हिवताप सर्वत्र आढळतो आणि तो बहुधा प्राणघातक फाल्सिपेरम प्रकारचा असतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक गोळ्या घेणे, मच्छरदाणी वापरणे आणि ताप येताच त्याच दिवशी रक्त तपासणे, याला पर्याय नाही. परतल्यानंतर काही आठवड्यांनी ताप आला, तरी प्रवासाची माहिती डॉक्टरांना द्यायला हवी. निद्रारोग पसरविणाऱ्या त्सेत्से माशा हलत्या गाडीकडे आणि निळ्या-काळ्या रंगाकडे आकर्षित होतात. कपडे फिकट रंगाचे असावेत ते यासाठी. केनियाहून भारतात परतताना पीतज्वर लसीचे प्रमाणपत्र लागते. लस किमान दहा दिवस आधी घेतलेली नसेल, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते.

त्याच रस्त्यावरची इतर माणसे

काझुंगुला येथे झांबेझी नदीवर बोट्स्वाना आणि झांबिया यांना जोडणारा ९२३ मीटर लांबीचा पूल १० मे २०२१ रोजी खुला झाला. झिम्बाब्वेची हद्द टाळण्यासाठी तो नदीवर चक्क वळविला आहे. त्यापूर्वी येथे तराफ्यावजा फेरीबोट चाले. पर्यटकांच्या गाड्यांना त्या बोटीची मौज वाटे. मालवाहू ट्रकना मात्र दिवसच्या दिवस रांगेत ताटकळावे लागे. आता दोन्ही देशांची तपासणी एकाच ठिकाणी होते. टांझानिया आणि केनिया यांच्यामधील नमांगा नाक्यावरही हीच पद्धत आहे.

हौसेने आलेल्या जोडप्याला सीमेवरचे चार तास हा अनुभव वाटतो. तांबे, मका किंवा इंधन वाहणाऱ्या चालकासाठी तोच त्याचा रोजचा दिवस असतो. रस्ता पुढे खराब आहे का, पंपावर डिझेल आले का, कोणत्या नदीला पाणी चढले आहे, ही माहिती नकाशापेक्षा या चालकांकडेच ताजी मिळते. प्रवाशांचा पैसा कुठे जातो, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. नामिबियाने १९९६ मध्ये कायदा बदलून गावसमूहांना वन्यजीवांपासून उत्पन्न मिळविण्याचा अधिकार दिला. आज अशी ८० हून अधिक सामुदायिक संरक्षित क्षेत्रे आहेत. त्यांच्या तळावर मुक्काम केला, की शुल्काचा वाटा गावाला मिळतो. जिवंत हत्ती गावाला लाभाचा वाटू लागतो तो यामुळे.

दोघांचे गणित

गाडी कितीही भक्कम असली, तरी दोन माणसांनी महिनोन्‌महिने काही चौरस फुटांत राहणे सोपे नाही. एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने वाट पाहायची. एकाने सीमेवरील खिडकीपुढे उभे राहायचे, दुसऱ्याने गाडीपाशी थांबायचे, अशी कामांची वाटणी आपोआप होते. मात्र एक जण आजारी पडला तर दुसऱ्याला सारेच येत असले पाहिजे. म्हणून टायर बदलणे, कार्नेट भरणे आणि प्रथमोपचार या तिन्ही गोष्टी दोघांनीही शिकून घ्याव्यात, असे सांगितले जाते.

जर्मनीच्या गुंथर आणि क्रिस्टिन होल्टोर्फ या दांपत्याचे उदाहरण येथे आठवते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस गुंथर यांची भ्रमंती आफ्रिकेतून सुरू झाली आणि पुढे क्रिस्टिन त्यांच्या सोबती झाल्या. 'ऑटो' असे लाडके नाव मिळालेल्या एकाच मर्सिडीज जीपने २०१४ पर्यंत जवळपास नऊ लाख किलोमीटर अंतर कापले. २०१० मध्ये क्रिस्टिन यांचे निधन झाले. त्यानंतर गुंथर यांनी तो प्रवास पूर्णत्वाला नेला. ती गाडी पुढे श्टुटगार्टच्या मर्सिडीज संग्रहालयात ठेवण्यात आली. महागडी हॉटेले टाळून गाडीतच झोपणे, स्वतः रांधणे आणि स्वतःच दुरुस्ती करणे हीच त्यांची रीत होती.

दोघांपैकी एकाला जरी पुढे जाऊ नये असे वाटले, तरी त्या दिवशी थांबायचे, हा नियम निघण्यापूर्वीच ठरवून ठेवणे सर्वांत हिताचे. नदीचे पाणी वाढलेले दिसत असताना, सूर्य कलत असताना किंवा अंगात कणकण असताना 'एवढे शेवटचे शंभर किलोमीटर' जाण्याचा हट्ट या वाटेवर अनेकदा अंगाशी येतो. मुक्काम करून दुसऱ्या दिवशी निघाल्यास बुडतो तो फक्त एक दिवस.

नमांगाचा नाका ओलांडून नैरोबीच्या वाटेला लागले, की मराठी माणसाला एक ओळखीची खूण भेटते. स्वाहिली भाषेत मोटारीला 'गारी' म्हणतात आणि टपरीवर 'चाय' व 'चपाती' मिळते. १८९६ पासून युगांडा रेल्वे बांधण्यासाठी अविभाजित भारतातून सुमारे ३२ हजार मजूर येथे आले, दुकानदारही आले. समुद्रापलीकडच्या व्यापाराचे नाते तर त्याहूनही कितीतरी जुने. हिंदी महासागराच्या दोन्ही तीरांवरचे शब्द आणि पदार्थ या माणसांच्या सोबतीने एकमेकांत मिसळले. केप टाउनहून महिनोन्‌महिने प्रवास करून आलेले जोडपे त्या टपरीवर चहा घेते, तेव्हा त्याच्या शेजारच्या बाकावर बहुधा एखादा ट्रकचालक बसलेला असतो. पुढच्या रस्त्याची चौकशी त्याच्याकडेच करावी.