‘वी’ म्हणजे नक्की कोण?

परवा टीमला मेल टाकला. या महिन्यात शनिवारीही यावं लागणार, एवढंच सांगायचं होतं. इंग्रजीत पटकन जमलं. ‘वी हॅव डिसाइडेड...’ सेंड दाबलं आणि सुटले!

पण संध्याकाळी चहाच्या टपरीवर टीममधल्या सगळ्यात ज्युनिअर मुलीने गाठलंच. ‘शनिवारचं खरंय का?’

‘अगं हो, आपण ठरवलंय ना...’

‘आपण?’ ती हसली. ‘मला कुठे कुणी विचारलं?’

चहा घशातच अडकला.

इंग्रजी ‘वी’मध्ये समोरचा धरलाय की नाही, हे सांगावं लागत नाही. मराठीत सुटका नाही. ‘आपण’ म्हणजे तुझ्यासकट, ‘आम्ही’ म्हणजे तुला वगळून. संस्कृतच्या ‘वयम्’मध्ये हा भेद नाही, तमिळ, तेलुगूत आहे. म्हणून तो द्राविडी भाषांच्या शेजारामुळे मराठीत आला असावा, असं भाषेचे अनेक अभ्यासक मानतात. शेजाऱ्यांकडून आपण काय काय उचलतो, बघा!

भाषा विचारांना वळण लावते, हे ठासून मांडणारा अमेरिकेतला बेंजामिन ली व्होर्फ (१८९७-१९४१) आपल्यासारखाच नोकरदार. आगीचा विमा उतरवणाऱ्या कंपनीत इन्स्पेक्टर! पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांपाशी माणसं जपून वागतात, पण ‘रिकाम्या’ पिंपांपाशी बिनधास्त सिगारेट ओढतात, हे त्याने टिपलं. खरं तर रिकाम्या पिंपात उरलेली वाफच जास्त धोक्याची. ‘रिकामं’ हा शब्दच दगा देत होता.

भाषा म्हणजे विचारांचा तुरुंग, इतकं टोकाचं आज फारसं कुणी मानत नाही. मला पटतो तो रोमान याकबसन. या भाषाशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडलेला मुद्दा साधा आहे: कुठल्याही भाषेत काहीही सांगता येतं. फरक पडतो तो काय सांगावंच लागतं, यात.

माझं नेमकं तेच झालं होतं. इंग्रजीने मला लपायला जागा दिली, मराठीने हात धरून बाहेर काढलं. आणि ‘आपण’ म्हणून मी चक्क खोटं बोलले होते.

सोमवारी टीमला बोलावलं. म्हटलं, ‘शनिवारचं आम्ही ठरवलं, तुम्हाला न विचारता. आता कुणी कधी यायचं, ते आपण ठरवू.’ कुरकुर झालीच. पण अर्ध्या तासात पाळ्या लागल्या, आणि पहिल्या शनिवारी माझंच नाव!

तेव्हा मंडळी, पुढच्या मेलमध्ये ‘वी’ लिहाल, तेव्हा एकदा मनात त्याचं मराठी करून बघा. आम्ही की आपण?