प्रारण-सुरक्षा नियामक मंडळ : मनुष्यबळ व प्रशिक्षण

क्ष-किरण, गॅमा किरण, न्यूट्रॉन इ. आयनीकारक प्रारणांचा वापर करणाऱ्या संस्थांना परवाना देणे, त्यांची तपासणी करणे आणि प्रसंगी त्यांचे काम थांबविणे हे अधिकार ज्या शासकीय यंत्रणेकडे असतात, तिला प्रारण-सुरक्षा नियामक मंडळ म्हणतात. भारतात हे काम अणुऊर्जा नियामक मंडळाकडे असून त्याची स्थापना १९६२ च्या अणुऊर्जा अधिनियमान्वये १५ नोव्हेंबर १९८३ रोजी झाली. मंडळाचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तिनगर येथे आहे. प्रस्तुत नोंदीत मंडळाची माणसे कोठून येतात, ती कशी घडविली जातात आणि कोठवर पुरतात एवढ्याच प्रश्नाचा विचार केला आहे. त्यासाठी वर्धा जिल्ह्याचे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. या जिल्ह्यात अणुवीज केंद्र नाही. परंतु प्रारण साधने मात्र थेट तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचलेली आहेत आणि देशातील बहुतेक जिल्ह्यांची स्थिती अशीच आहे.

पूर्वपीठिका : भारतात प्रारण-सुरक्षेची विद्या अणुऊर्जा कार्यक्रमाच्या घरातच वाढली. तुर्भे येथील आरोग्य-भौतिकी विभागाची बांधणी अ. कु. गांगुली यांनी केली आणि तेथीलच प्रशिक्षण विद्यालय १९५७ मध्ये सुरू झाले. १९७५ मध्ये अणुऊर्जा विभागाने आपल्या प्रकल्पांसाठी एक सुरक्षा पुनर्विलोकन समिती नेमली. ती विभागाचीच होती. १९८३ मध्ये स्वतंत्र मंडळ झाले, तेव्हा पहिले अध्यक्ष अ. कु. डे हे मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेतून आले. पुढे २००० ते २००५ या काळात अध्यक्ष असलेले सुहास सुखात्मे हेही त्याच संस्थेचे माजी संचालक होत. अध्यक्ष बाहेरचा आणला, तरी तपासणी करणारा कर्मचारीवर्ग बव्हंशी भाभा अणुसंशोधन केंद्र व अणुवीज केंद्रे यांतूनच घ्यावा लागला, कारण ही विद्या जाणणारी माणसे देशात दुसरीकडे फारशी नव्हती. ज्याची तपासणी करावयाची त्याच्याच शाळेत तपासनीस शिकलेला असणे ही अडचण यामुळे निर्माण झाली. अणुऊर्जा कार्यक्रम असलेल्या इतर देशांनाही ती आरंभी चुकली नाही.

पात्रता : आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा अभिकरणाने नियामकाच्या अंगी लागणाऱ्या गुणांचे चार गट केले आहेत : कायदा व संघटना यांचे ज्ञान, तांत्रिक विषयांचे ज्ञान, तपासणी-परवाना इ. नियामक कामाची रीत आणि वैयक्तिक आचरण. यांपैकी दुसरा गट पुस्तकाने साधतो; तिसरा व चौथा अनुभवानेच साधतात. कारखान्याच्या मालकापुढे किंवा नामांकित शल्यविशारदापुढे उभे राहून ‘हे यंत्र आजपासून बंद’ असे सांगणे वर्गात शिकविता येत नाही.

तांत्रिक ज्ञान किती खोलवर हवे, याचे उदाहरण म्हणून कोस्टा रीकामधील सान होसे येथील अपघात सांगता येईल. १९९६ च्या ऑगस्टमध्ये तेथील एका रुग्णालयात कोबाल्ट-६० चा नवा उद्गम बसविण्यात आला. त्याच्या मापनात ०.३ मिनिट, म्हणजे १८ सेकंद, हा काळ ३० सेकंद समजला गेला. त्यामुळे यंत्राची प्रारणशक्ती प्रत्यक्षाहून कमी धरली गेली आणि ११५ रुग्णांना ठरविलेल्या मात्रेच्या दीडपटीहून अधिक मात्रा मिळाली. सप्टेंबरअखेर चूक उघडकीस आली. यंत्र निर्दोष होते, खोलीच्या भिंतीही पुरेशा जाड होत्या. प्रारण-चिकित्सेत रुग्णाला मिळणारी मात्रा ठरविलेल्या मात्रेच्या सु. ५ टक्क्यांच्या आत असावी, असे मानतात. तेव्हा अशा ठिकाणी जाणाऱ्या तपासनिसाला दाराचा अंतर्बंध (दार उघडताच प्रारण थांबविणारी योजना) व गळती पाहून भागत नाही. मापनाची वही उघडून तेथील गणित स्वतः पुन्हा करता आले पाहिजे.

प्रशिक्षण : मंडळात तांत्रिक पदावर येण्याचे तीन मार्ग रूढ झाले. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षण विद्यालयात एक वर्ष शिकून निघालेले अभियंते व वैज्ञानिक हा पहिला. मुंबई व मद्रास येथील भारतीय तंत्रविद्या संस्थांत मंडळाच्या अधिछात्रवृत्तीवर पदव्युत्तर अभियांत्रिकी शिक्षण घेतलेले तरुण हा दुसरा. आणि अणुऊर्जा विभागाच्या अन्य घटकांतून बदलीने आलेले अनुभवी अधिकारी हा तिसरा. नवागतांसाठी नियामक प्रक्रियेचा परिचयवर्ग असतो. त्यानंतर ज्येष्ठ तपासनिसाबरोबर प्रत्यक्ष तपासण्यांना जाणे हा शिक्षणाचा खरा भाग होय. मंडळाने १९९९ मध्ये कल्पाक्कम येथे सुरक्षा संशोधन संस्था काढली, ती काही अंशी याच हेतूने; दुसऱ्याने केलेला हिशेब तपासावयाचा, तर स्वतंत्रपणे हिशेब करणारी माणसे स्वतःच्या घरी असावी लागतात.

मंडळाच्या कर्मचाऱ्यांची संख्या काही शेकड्यांच्या घरात आहे. देशभरातील प्रारण साधनांशी तिचे प्रमाण जुळणे शक्य नाही. म्हणून २००४ च्या अणुऊर्जा (प्रारण संरक्षण) नियमांनी सुरक्षेची पहिली जबाबदारी साधन वापरणाऱ्या संस्थेवरच टाकली आहे. संस्थेने प्रारण-सुरक्षा अधिकारी नेमावा व त्यास सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता घ्यावी, असा नियम आहे. रुग्णालयातील असे अधिकारी व वैद्यकीय भौतिकीविज्ञ तयार करणारा एक वर्षाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम १९६२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने तुर्भे येथे सुरू झाला. कर्मचाऱ्यांच्या अंगावरील फिल्म बिल्ल्यांच्या जागी १९७५ पासून तापदीप्ती मात्रामापक बिल्ले येऊ लागले. ते साधारणतः दर तीन महिन्यांनी वाचले जातात. व्यावसायिक मात्रेची मर्यादा पाच वर्षांत १०० मिलिसीव्हर्ट असून कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसीव्हर्टपेक्षा अधिक मात्रा चालत नाही. बिल्ला आठवणीने लावणे व तो क्ष-किरण खोलीतील खुंटीवर टांगून न ठेवणे हेही प्रशिक्षणातच शिकवावे लागते. [⟶ क्ष-किरण, प्रारण जीवविज्ञान].

जिल्ह्यातील चित्र : वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम येथे १९६९ मध्ये स्थापन झालेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था व सावंगी (मेघे) येथील १९९० चे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय अशी दोन वैद्यकीय महाविद्यालये आहेत. अशा शिक्षण-रुग्णालयांत प्रारण-चिकित्सा विभाग, वैद्यकीय भौतिकीविज्ञ व मान्यताप्राप्त सुरक्षा अधिकारी असतात आणि नियामकाशी बोलू शकणारा जाणकार तेथे भेटतो. वर्ध्याचे जिल्हा रुग्णालय, आर्वी व हिंगणघाट येथील उपजिल्हा रुग्णालये, ग्रामीण रुग्णालये आणि बाजारपेठेतील खाजगी दवाखाने यांची गोष्ट निराळी. लहान दवाखान्यात डॉक्टर हाच मालक, तोच नियमाप्रमाणे सुरक्षा अधिकारी आणि यंत्र चालविणारा त्याचाच नोकर. तेथे पाहावयाचे ते फार अवघड नसते : भिंत सु. २३ सेंमी. जाडीची पक्क्या विटांची आहे काय, दाराला शिशाचा पत्रा आहे काय, किमान ०.२५ मिमी. शिशाइतके संरक्षण देणारा अंगरखा वापरला जातो की घडी करून भेगाळू दिला आहे, नळीच्या आवरणातून १ मी. अंतरावर होणारी गळती तासाला १ मिलिग्रेच्या आत आहे काय. हे पाहण्यास विक्रियकाचा अभियंता लागत नाही. परंतु कोणीतरी जावे लागते. मुंबई वर्ध्यापासून लोहमार्गाने सु. ७५० किमी. दूर आहे.

ही उणीव सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. २००१ मधील निर्देशानुसार वैद्यकीय क्ष-किरण साधनांच्या नियमनासाठी प्रत्येक राज्यात प्रारण-सुरक्षा संचालनालय व्हावयाचे होते. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात दाखवून दिले, की अकरा वर्षांनंतर केवळ केरळ व मिझोराम येथेच अशी यंत्रणा उभी राहिली होती. देशातील ५७,४४३ वैद्यकीय क्ष-किरण केंद्रांपैकी ५,२७० केंद्रेच नोंदणीकृत होती. आणि अधिक धोक्याच्या म्हणून ठरविलेल्या औद्योगिक किरणचित्रण व प्रारण-चिकित्सा केंद्रांच्या अपेक्षित तपासण्यांपैकी ८५ टक्के झाल्याच नव्हत्या. संसदेच्या लोकलेखा समितीने २०१३ मध्ये या त्रुटींची दखल घेतली. त्यानंतर परवान्यांचे काम संगणकीय प्रणालीवर गेले आणि चेन्नई, कोलकाता व दिल्ली येथील प्रादेशिक केंद्रांमुळे तपासनीस काहीसे जवळ आले. संगणकामुळे नोंदणी वाढते हे खरे, पण भिंतीची जाडी तो मोजत नाही.

स्वातंत्र्य व स्मरण : मंडळ स्थापनेपासून अणुऊर्जा आयोगास उत्तरदायी ठेवले गेले, यावर वरील अहवालात व अन्यत्र टीका झाली. त्याच्या जागी नवे प्राधिकरण आणणारे २०११ चे विधेयक २०१४ मध्ये लोकसभेबरोबर व्यपगत झाले. १९६२ च्या अधिनियमाची जागा घेणारा जो कायदा संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये संमत केला, त्यात मंडळास वैधानिक दर्जा देण्याची तरतूद आहे. कायद्याने दर्जा मिळाला, तरी मनुष्यबळाचा उगम एकच राहिल्यास स्वातंत्र्य कागदावर राहण्याची भीती असते. उलट, विषय न जाणणारा परका तपासनीस सहज फसविला जातो.

दुसरी गरज दीर्घ स्मरणाची. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात कोबाल्ट-६० मुळे अनेकांना प्रारणबाधा झाली व एकाचा मृत्यू झाला. तो उद्गम दिल्ली विद्यापीठातील, वर्षानुवर्षे पडून असलेल्या व लिलावात विकलेल्या एका उपकरणातील होता. हे उपकरण देशात आले, तेव्हा नियामक मंडळ अस्तित्वातच नव्हते. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य ५.२७ वर्षे असते व सीझियम-१३७ चे सु. ३० वर्षे, म्हणजे सीझियमच्या एखाद्या उद्गमाचे अस्तित्व त्याला परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याच्या संपूर्ण सेवाकाळाहून लांबते. नोंदवह्यांचे हस्तांतरण आणि निवृत्त होणाऱ्याकडून जागेवर येणाऱ्याने शिकून घेणे यांना म्हणूनच प्रशिक्षणात स्थान द्यावे लागते.

राज्य संचालनालयांसाठी लागणारा तपासनीस विक्रियकशास्त्राचा पंडित असण्याची आवश्यकता नाही. भौतिकीतील पदव्युत्तर पदवी, काही महिन्यांचे प्रशिक्षण, मोजमापाची उपकरणे, वाहन, मराठी समजणाऱ्या तंत्रज्ञाशी मराठीत बोलण्याची तयारी आणि जिल्ह्यातील ओळखीपाळखीला न बधणारी नेमणूक एवढे पुरते. नागपूर विद्यापीठाच्या क्षेत्रातून, ज्यात वर्धा जिल्हाही येतो, भौतिकीचे पदव्युत्तर पदवीधर दरवर्षी बाहेर पडतात. त्यांच्यासाठी जिल्हा पातळीवर या कामाची कायम पदे निर्माण करणे हा वेतन व आस्थापना यांचा प्रश्न असून तो राज्य शासनाच्या अखत्यारीत येतो.