बदनामीचा बाजारभाव

5 जानेवारी 2024 ला आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका जमिनीचा मुंबईत लिलाव झाला. जागा खेड तालुक्यातल्या मुंबके गावची, आकार जेमतेम 171 चौरस मीटर, म्हणजे पावणेदोन गुंठेही पुरे नाहीत. सरकारने लावलेली किमान किंमत 15,440 रुपये. बोली वाढत वाढत गेली ती 2 कोटी 1 लाखावर. देवरूखच्या भर बाजारपेठेतल्या गाळ्यालाही असा भाव कुणी सांगायला धजणार नाही. पण मुंबके हे दाऊद इब्राहिमच्या वडिलांचं गाव. मुंबई पोलिसांत हवालदार असलेल्या इब्राहिम कासकरांचं. तस्करांची मालमत्ता जप्त करण्याच्या कायद्याखाली सरकारने ही जागा घेतली होती. बोली लावणाऱ्याने त्या दगडमातीची किंमत सांगितली नव्हती, सातबाऱ्याला चिकटलेल्या नावाची सांगितली होती.

नावाला भाव असतो, हे गुन्हेगारीतल्या माणसाला फार लवकर कळतं. खंडणीचा धंदा चालतो तोच नावावर. दर वसुलीला गोळी झाडावी लागली तर तो धंदा परवडायचा नाही. दहशत एकदा बसली की नुसता फोन पुरतो. पण वय झालं, टोळी फुटली, तुरुंगातून सुटका झाली, की या नावाचं करायचं काय? मग कुणी पुस्तक काढतं, कुणी पक्ष काढतं, कुणी व्यासपीठावर उभं राहून तरुणांना चार गोष्टी सांगतं. आणि लोक ऐकतात.

अमेरिकेत याची रीतसर बाजारपेठ आहे. न्यूयॉर्कच्या माफियातला हेन्री हिल 1980 मध्ये पकडला गेला, सरकारी साक्षीदार झाला. 1985 मध्ये त्याच्या आयुष्यावर 'वाइजगाय' हे पुस्तक आलं आणि 1990 मध्ये त्यावर 'गुडफेलाज' हा गाजलेला सिनेमा. गॅम्बिनो टोळीतला दोन नंबरचा माणूस सॅमी ग्रॅव्हानो. त्याने 19 खुनांत हात असल्याचं कबूल केलं, आपल्याच बॉसविरुद्ध साक्ष दिली आणि शिक्षा भोगली पाच वर्षांची. पुस्तक आलं, नाव झालं, मग अमली पदार्थांच्या धंद्यात पुन्हा पकडला गेला. 2017 ला सुटला आणि आता म्हातारपणी पॉडकास्टवर जुन्या आठवणी सांगतो. कोलंबो टोळीतला मायकल फ्रान्झीस पेट्रोलवरचा कर बुडवून गब्बर झाला होता. तो आज चर्चमध्ये भाषणं देतो, यूट्यूबवर माफियांच्या सिनेमांची चिरफाड करतो आणि त्यातलं खरं किती, खोटं किती ते सांगतो.

ही माणसं इतकं बिनधास्त बोलू कशी शकतात? कारण त्यांचं बोलून झालेलं आहे. सरकारी वकिलाशी सौदा करायचा, गुन्हे कबूल करायचे, साक्ष द्यायची, बदल्यात शिक्षा कमी करून घ्यायची, ही तिथली रोजची पद्धत. साक्षीदाराला नवं नाव, नवं गाव देणारी सरकारी व्यवस्था 1970 च्या कायद्यापासून आहे. कोर्टात जे एकदा सांगून टाकलं तेच पुढे पुस्तकात सांगायला भीती कसली? कबुली हाच त्यांचा माल. त्या कमाईवर हक्क कुणाचा, यावरून तिथे वादही झाला. गुन्हेगाराने स्वतःची कहाणी विकून मिळवलेला पैसा बळींच्या कुटुंबांना मिळावा, असा कायदा न्यूयॉर्क राज्याने 1977 मध्ये केला. हिलच्या पुस्तकावरूनच तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1991 च्या डिसेंबरात अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द ठरला. 2001 मध्ये राज्याने वेगळ्या घडणीचा कायदा आणला: दोषी माणसाच्या हातात 10 हजार डॉलर किंवा जास्त रक्कम येणार असेल तर बळींना तसं कळवायचं, म्हणजे त्यांना दावा लावता येईल.

आपल्याकडे हा माल विकताच येत नाही. तीन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला आपल्या कायद्यात मुदत नाही. खून चाळीस वर्षांपूर्वीचा असला तरी खटला उभा राहू शकतो. पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात सहसा चालत नाही, पण स्वतःच्या हाताने लिहून छापलेली कबुली पुरावा म्हणून समोर येऊ शकते. माफीचा साक्षीदार होण्याची सोय आहे, पण त्यानंतर जिवाची हमी कोण घेणार? साक्षीदारांच्या संरक्षणाची देशपातळीवरची योजना सर्वोच्च न्यायालयाने लागू केली ती 2018 च्या डिसेंबरात. तोवर मुंबईतलं टोळीयुद्ध संपून वर्षं लोटली होती. त्यामुळे इथला जुना भाई 'मी केलं' असं कधीच म्हणत नाही. तो म्हणतो, 'मला गोवलं.' आणि त्याच वेळी त्याच्या भोवतालचं वलय मात्र 'यानेच केलं' या कुजबुजीवर उभं असतं. नकार कोर्टासाठी, कुजबुज मतदारांसाठी. दोन्ही एकाच वेळी चालवता येणं हे कौशल्य म्हणायला हवं.

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळे 2003 पासून उमेदवाराला आपल्यावरचे खटले शपथपत्रात लिहावे लागतात. आपल्या भाईलोकांचं जे काही अधिकृत आत्मचरित्र आहे ते एवढंच: कलम, पोलिस ठाणे, प्रलंबित.

राजकारणाच्या या वाटेने आधी गेला हाजी मस्तान. गोदीतला हमाल, मग सोन्याचा तस्कर, आणीबाणीत तुरुंगवास. बाहेर आला तो समाजसेवेची भाषा बोलतच, आणि ऐंशीच्या दशकात दलित-मुस्लिम ऐक्याच्या नावाने त्याने पक्षही काढला. निवडणुकीत त्याच्या हाती फारसं काही लागलं नाही. 'दीवार'मधला गोदी कामगार त्याच्यावर बेतल्याची चर्चा मात्र त्याला मतांपेक्षा जास्त पुरली.

मतंही मिळवून दाखवली ती अरुण गवळीने. आणि ही गोष्ट आमच्या भागाला परकी नाही. संगमेश्वर तालुक्यातल्या किती घरांच्या चुली लालबाग-परळच्या मनीऑर्डरवर पेटत होत्या, हे पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही विचारावं. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. काही जण पत्र्याची ट्रंक घेऊन गावी परतले, काही तिथेच राहिले. ज्यांची पोरं त्या वेळी अठरा-वीस वर्षांची होती, त्यांच्या डोळ्यांसमोर दोन रस्ते होते: वडापावची गाडी नाहीतर गल्लीतला भाई. गवळीनेही उमेदवारीत गिरणीत काम केलं होतं. बाबू रेशीम आणि रमा नाईक यांच्याबरोबरची त्याची टोळी भायखळ्यातली, सात रस्त्याच्या आसपासची. बाबू रेशीम 1987 मध्ये पोलिस कोठडीत मारला गेला, रमा नाईक 1988 मध्ये चकमकीत. उरला गवळी, आणि दाऊदशी वैर.

पुढची चार-पाच वर्षं रक्ताची. 1992 च्या जुलैमध्ये दाऊदचा मेहुणा इब्राहिम पारकर मारला गेला. त्याचा बदला म्हणून 12 सप्टेंबरला जे. जे. रुग्णालयात घुसून गवळीच्या शैलेश हळदणकरला खाटेवर गोळ्या घातल्या. मुंबईतल्या दंगली आणि बॉम्बस्फोटांनंतर या वैराला धर्माचा रंग चढला. त्यांच्याकडे दाऊद असेल तर आमच्याकडेही गवळी आहे, अशा अर्थाची भाषा शिवसेनाप्रमुखांनी जाहीरपणे केली. टोळीवाला एका रात्रीत 'आपला पोरगा' झाला. याच सुमाराला गिरण्यांच्या जमिनींचे व्यवहारही पिस्तुलाच्या सावलीत गेले होते. खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांना 1994 मध्ये महालक्ष्मीजवळ भर दिवसा मारण्यात आलं. ज्या जमिनीवरच्या भोंग्याने आमच्या मनीऑर्डरी चालत होत्या, तिच्यावर आता टोळ्या पोसल्या जात होत्या. 'आपला पोरगा' म्हणणाऱ्यांनी ही बाजू कधी फार उगाळली नाही.

शिवसेनेशी बिनसल्यावर गवळीने 1997 मध्ये स्वतःची अखिल भारतीय सेना काढली. त्याचं दृश्यरूप नीट पाहण्यासारखं आहे. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, डोक्यावर गांधी टोपी. तो राहायचा त्या दगडी चाळीच्या फाटकातून आत शिरणाऱ्याची झडती व्हायची आणि आत माणसं गाऱ्हाणी घेऊन बसलेली असायची: भाडेकरू जागा सोडत नाही, जावई नांदवत नाही, उसने दिलेले पैसे परत मिळत नाहीत. दिवाणी कोर्टात वीस वर्षं लागणारं काम इथे एका निरोपात व्हायचं. नवरात्रात चाळीतल्या देवीला मुंबईभरातून रांग लागायची. लोक त्याला 'डॅडी' म्हणू लागले. 2004 च्या लोकसभेला तो हरला, पण 90 हजारांहून अधिक मतं घेऊन. आणि त्याच वर्षी चिंचपोकळीतून आमदार झाला. निरोपामागे पिस्तूल आहे हे ठाऊक असल्यामुळेच निरोप मानला जातो, हे त्या रांगेतल्या प्रत्येकाला कळत होतं. ते भोळे होते असं मला वाटत नाही. त्यांच्यापुढे दुसरं दार उघडं नव्हतं, एवढंच.

2 मार्च 2007 ला घाटकोपरच्या असल्फा भागात शिवसेनेचे नगरसेवक कमलाकर जामसंडेकर यांना घरात घुसून गोळ्या घातल्या. आडनावातच देवगडजवळचं जामसंडे आहे. म्हणजे माणूस आपल्याच कोकणातला. 30 लाखांची सुपारी होती, असं सरकार पक्षाने मांडलं. 2008 मध्ये आमदार असतानाच गवळीला अटक झाली, 2012 च्या ऑगस्टमध्ये जन्मठेप. उच्च न्यायालयाने 2019 मध्ये ती कायम केली. दोन वर्षं किंवा अधिक शिक्षा झालेल्याला शिक्षेचा काळ आणि पुढे सहा वर्षं निवडणूक लढवता येत नाही, त्यामुळे त्याची स्वतःची वाट बंद झाली. मुलगी गीता मात्र मुंबई महापालिकेत नगरसेविका झाली. नाव वारशाने मिळतं, शिक्षा मिळत नाही.

डॅडी तुरुंगात असताना सिनेमांना बहर आला. 'दगडी चाळ' 2015 ला, 'डॅडी' हा हिंदी सिनेमा 2017 ला, 'दगडी चाळ 2' 2022 ला. चुकीला माफी न देणारा त्यातला एक संवाद आमच्या इथल्या रिक्षांच्या मागच्या काचेपर्यंत पोचला. असे सिनेमे निघू शकतात त्यामागे कायद्याची एक जुनी वाट आहे आणि ती तमिळनाडूतून येते. ऑटो शंकर या खुन्याने तुरुंगात आत्मचरित्र लिहिलं; त्यात पोलिस अधिकाऱ्यांशी असलेल्या लागेबांध्यांचा तपशील होता. 'नक्कीरन' साप्ताहिक ते छापणार म्हटल्यावर अधिकाऱ्यांची धावपळ उडाली. 7 ऑक्टोबर 1994 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की छापण्याआधीच सरकारला अशी बंदी घालता येणार नाही, आणि सार्वजनिक नोंदींत असलेला मजकूर त्या माणसाच्या संमतीशिवायही छापता येतो. निकाल रास्तच आहे. फक्त न्यूयॉर्कसारखा पुढचा प्रश्न आपल्याकडे कायद्याने विचारलाच नाही. गुन्ह्याच्या गोष्टीवर तिकिटं विकली गेली तर त्यातला रुपया मारल्या गेलेल्याच्या घरी जावा का? जामसंडेकरांसारख्यांच्या बाजूने सिनेमा कुणी काढत नाही. मारणाऱ्याला कथानक असतं, मेलेल्याला पंचनामा.

अशा नावाचं भांडवल करणारे फक्त भाईच आहेत असंही नाही. चकमकफेम प्रदीप शर्मा यांनी 2019 मध्ये नालासोपाऱ्यातून निवडणूक लढवली, ती खाकीपेक्षा मारलेल्यांच्या आकड्यावर. ते हरले. 2024 च्या मार्चमध्ये लखनभैया बनावट चकमक प्रकरणात उच्च न्यायालयाने त्यांना जन्मठेप सुनावली.

आता नागपूरच्या तुरुंगाकडे. तिथे कैद्यांसाठी गांधी विचार परीक्षा होते. त्यात गवळीला 80 पैकी 74 गुण मिळाले, तो पहिला आला. 2018 मध्ये ही बातमी सगळीकडे झळकली. या परीक्षेच्या आयोजनात मुंबई सर्वोदय मंडळ होतं. आणि याच मंडळाशी जोडलेला दुसरा एक माणूस आहे, ज्याचं नाव देवरूखच्या एसटी स्टँडवर दहा जणांना विचारलं तर एकालाही सांगता येणार नाही: लक्ष्मण गोळे. खंडणीसारख्या गुन्ह्यांत तुरुंगात गेलेला मुंबईचा तरुण. आत असताना गांधींचं आत्मचरित्र हाती पडलं. वाचून तो कोर्टापुढे उभा राहिला आणि आपले गुन्हे कबूल केले. सुटल्यावर तुरुंगातुरुंगांत जाऊन कैद्यांशी बोलायचं, पुस्तकं द्यायची, हे काम त्याने धरलं.

त्या आत्मचरित्रात एक प्रसंग आहे. भावाच्या कड्यातलं सोनं पोरवयातल्या गांधींनी चोरलं. मग वडिलांना चिठ्ठी लिहून ते कबूल केलं आणि शिक्षा मागितली. वाचणाऱ्या कैद्याला हे पान टाळता येत नाही. गोळेने ती चिठ्ठी आपल्यापुरती लिहिली. गवळीने गांधी विचारांच्या पेपरात 74 गुण मिळवले. मी गुणांवर शंका घेत नाही. अभ्यास मन लावून केलेला असणार. पण कबुली देणारा छोट्या सभागृहांत राहिला आणि न देणाऱ्यावर तीन सिनेमे निघाले, हा हिशेब आपल्या बाजाराचा आहे. आमच्या देवरूखमध्ये 1954 पासून मातृमंदिर या संस्थेचं काम उभं करणाऱ्या हळबे मावशींची शाळकरी पोरांना ओळख करून द्यावी लागते, डॅडीची लागत नाही.

28 ऑगस्ट 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने गवळीला जामीन दिला. वय 76, सतरा वर्षांहून जास्त काळ आत आणि अपील प्रलंबित, ही कारणं. 3 सप्टेंबरला तो नागपूरहून सुटला. आदल्या दिवशीच गौरी गेल्या होत्या. चाकरमानी परतीच्या गाड्या धरत होते आणि दगडी चाळीतल्या फुलांच्या वर्षावाची चित्रफीत मोबाइलवर हातोहात फिरत होती.

डॅडीने आता आत्मचरित्र लिहावं, असं सुचवणारे भेटतात. खपेल, यात शंका नाही; मराठीत अशा पुस्तकाची पहिली आवृत्ती महिन्यात संपेल. पण त्यात 'मी केलं' असं एक वाक्य जरी आलं तरी ते अपिलात सरकारी वकिलाच्या हातात असेल, आणि आलं नाही तर त्यात शपथपत्रापेक्षा जास्त काही असणार नाही. अपील चालू असेतो त्याचा वकील त्याला कागद-पेन घेऊन बसूही देणार नाही.