खोडदची दुर्बीण आणि केनियातले राहिलेले स्वप्न

पुणे–नाशिक रस्त्यावर नारायणगावहून खोडदकडे वळले की उसाच्या आणि द्राक्षांच्या मळ्यांमागे तारेच्या जाळीच्या प्रचंड ताटल्या दिसू लागतात. प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. अशा 30 ताटल्या सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या रेडिओलहरी टिपणारी ही ‘जीएमआरटी’ दुर्बीण. मात्र तिचे जनक डॉ. गोविंद स्वरूप यांनी त्याआधी आफ्रिकेत दुर्बीण उभारण्याचे स्वप्न पाहिले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

भेटीच्या ताटल्या

होमी भाभांच्या बोलावण्यावरून स्वरूप 1963 मध्ये अमेरिकेतून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. ऑस्ट्रेलियाने वापरून झालेल्या 32 छोट्या ताटल्या भारताला भेट दिल्या होत्या. त्या कल्याणजवळ उभारून 1965 मध्ये सूर्याची निरीक्षणे सुरू झाली. तेथे तरुणांचे हात तयार झाले आणि 1970 मध्ये उटीला 530 मीटर लांबीची दुर्बीण उभी राहिली. तिच्यासाठी मुद्दाम अकरा अंशांच्या उताराचा डोंगर निवडला होता. तेथील अक्षांशही तेवढाच असल्याने दुर्बिणीचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर झाला आणि आकाशातल्या लक्ष्याचा तासन्‌तास पाठलाग करणे सोपे गेले.

विषुववृत्तावर अशा उताराची गरजच नाही. सपाट जमिनीवर याहून कितीतरी लांब दुर्बीण बांधता येईल! स्वरूप, केनियाचे कीटकशास्त्रज्ञ टॉमस ओडियाम्बो आणि नायजेरियाचे खगोलशास्त्रज्ञ सॅम्युअल ओकोये यांनी 1979 मध्ये तसा प्रस्ताव मांडला. विकसनशील देशांनी मिळून दोन किलोमीटर लांबीची दुर्बीण आणि तिच्या जोडीला संशोधन संस्था उभारावी, असा तो बेत होता. केनियाचे नाव पुढे होते. पण बेत कागदावरच राहिला. शास्त्रज्ञांचे एकमत झाले, तरी अनेक सरकारांच्या तिजोऱ्या एकदम उघडत नाहीत. पुढे भारताने स्वतःच्या सरकारी पैशातून खोडदची दुर्बीण बांधली.

एक टक्क्याचा संकल्प

आफ्रिकी देशांनी 1980 च्या लागोस आराखड्यात राष्ट्रीय उत्पन्नाचा एक टक्का संशोधनावर खर्च करण्याचे ठरवले होते. बहुतेक देश आजही तेथवर पोचलेले नाहीत. भारतही एक टक्क्याच्या खालीच आहे. घरचा पैसा नसला की प्रयोगशाळा परक्या देणगीवर चालते. देणाऱ्याचे मन बदलले की काम थांबते आणि शिकलेली माणसे परदेशी जातात.

तरी चित्र बदलू लागले आहे. घानाने दूरसंचाराची जुनी 32 मीटरची ताटली रेडिओ दुर्बिणीत बदलून 2017 मध्ये कामाला लावली. कल्याणचीच आठवण व्हावी! दक्षिण आफ्रिकेने 2018 मध्ये कारू प्रदेशात 64 ताटल्यांची ‘मीरकॅट’ दुर्बीण सुरू केली. तीच आता ‘एसकेए’ या जागतिक प्रकल्पात सामावली जाणार आहे. या कामात आठ आफ्रिकी देश दक्षिण आफ्रिकेचे भागीदार आहेत. भारत सरकारने या प्रकल्पासाठी 1250 कोटी रुपये मंजूर केले असून 2024 मध्ये भारत त्याचा सदस्य झाला. दुर्बिणीचा कारभार सांभाळणारी संगणकप्रणाली घडवण्यात पुण्याचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आघाडीवर आहे.

ताऱ्यांवर पैसा कशाला, असा प्रश्न करदात्याला पडतोच. त्याचे उत्तर कल्याणच्या ताटल्यांनी दिले आहे. पैसा थोडा असला तरी चालेल, पण तो दरवर्षी आणि न चुकता मिळायला हवा. मग आधी माणसे घडतात आणि ती माणसे पुढे दुर्बिणी घडवतात.