बाबागाडी की बेबी कॅरियर? गैरसमज आणि वस्तुस्थिती

बाळासाठी गाडी घेताना आपण रंग आणि किंमत आधी बघतो. खरं तर आधी बघायचं ते बाळाचं वय आणि आपला रोजचा रस्ता.

गैरसमज : महाग, भारी बाबागाडी सगळीकडे चालते.
वस्तुस्थिती : छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात ती छान चालेल, पण तिथल्याच गुलमंडी बाजाराच्या गर्दीत आणि वेरूळ लेण्यांच्या पायऱ्यांवर बाळाला अंगाशी बांधायचा कॅरियरच सोयीचा. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर राहत असाल, तर वजनाने हलकी गाडी घ्या. दुकानातच गाडीत पाच किलो तांदळाची पिशवी ठेवून ब्रेक तपासा, बाळ कडेवर घेऊन एका हाताने गाडी मिटते का तेही बघा. मान सावरत नाही तोवर बाळाची पाठ सपाट टेकेल अशीच गाडी हवी.

गैरसमज : कॅरियरमुळे पाय फेंगडे होतात.
वस्तुस्थिती : जन्मतःच बाळाचे पाय थोडे बाकदार असतात आणि साधारण दीड-दोन वर्षांत सरळ होतात. आजी बाळाला कडेवर घेते तेव्हा त्याच्या मांड्या फाकलेल्या आणि गुडघे वर असतात. खुब्यासाठी हीच बैठक चांगली. कॅरियरमध्येही तीच हवी. उलट दुपट्यात पाय सरळ ताणून घट्ट बांधले, तर खुब्याला धोका असतो. कॅरियरमध्ये बाळाचं तोंड सतत दिसलं पाहिजे आणि हनुवटी छातीला टेकता कामा नये. नाहीतर श्वास कोंडू शकतो.

गैरसमज : गाडीवर ओढणी टाकली की ऊन लागत नाही.
वस्तुस्थिती : आतली हवा कोंडते आणि गाडी तापते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा गाडीचं छत उलगडून सावली करा, वारा खेळू द्या आणि बाळाची मान गरम लागते का बघत राहा. भर दुपारी बाहेर नेणं टाळलेलंच बरं.

गैरसमज : कॅरियरमध्ये बांधलं की स्कूटरवर बाळ सुरक्षित.
वस्तुस्थिती : कॅरियर चालताना वापरायची वस्तू आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमानुसार दुचाकीवर चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी जोडणारा खास सुरक्षा पट्टा लागतो, नऊ महिन्यांपासून हेल्मेटही, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो. तान्ह्या बाळाच्या मापाचं हेल्मेटच नसतं. म्हणून तान्हं बाळ सोबत असेल, तर स्कूटर घरीच राहू द्या.