जीपगाडीची उंची वाढविल्यानंतर करावयाच्या दुरुस्त्या

हिंगणघाट तालुक्यातील जमीन बव्हंशी काळी व भारी आहे. कपाशीस ती जितकी मानवते, तितकीच पावसाळ्यात वाहनांस नडते. या मातीतील चिकण कण पाणी शोषून फुगतात व चाकास लोण्यासारखे चिकटतात. मृगाचा एक चांगला पाऊस झाला की पांदण रस्त्यांवर खोल चाकोऱ्या पडतात. त्या चाकोऱ्यांमधील मातीचा वरंबा गाडीच्या पोटास लागतो, चाके जागच्या जागी फिरू लागतात आणि गाडी बसते.

पूर्वी या वाटांनी बंडीच चालत असे. बंडीची चाके मोठी, आस सरळ आणि आसाखाली अडकण्यासारखे काही नाही. त्यामुळे वरंबा तिच्या पोटाखालून सुखाने जाई. १९४७ साली महिंद्र कंपनीने मुंबईत विलिस जीपगाड्या जोडून देण्यास आरंभ केला. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास योजना सुरू झाल्यावर या गाड्या विकासगटांच्या कामासाठी खेडोपाडी दिसू लागल्या. पुढे त्याच धाटणीच्या जीप व पिक-अप गाड्या शेतकऱ्यांच्या दारीही आल्या. परंतु बंडीच्या सरळ आसाऐवजी या गाड्यांच्या अ‍ॅक्सलच्या पोटाशी दातचक्रांची मोठी पेटी, म्हणजे डिफरन्शल असते. वरंब्यास प्रथम लागते ती हीच पेटी.

यावर उपाय म्हणून गाडीची उंची वाढवून घेण्याचा प्रघात अलीकडे पडला आहे. उंची वाढविण्याचे काम गॅरेजात एका दिवसात उरकते. त्यानंतर करावयाच्या दुरुस्त्या मात्र पुष्कळदा राहून जातात. शेतात याची उणीव भासत नाही, कारण तेथे गाडी बैलाच्या चालीने जाते. पण तीच गाडी कापूस भरून हिंगणघाटच्या बाजारात न्यावयाची झाल्यास तिला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ वर, वेगाने धावणाऱ्या मालमोटारींच्या रांगेत चालावे लागते. धोका खरा तेथे आहे.

उंची कशाची वाढते?

पाटे, ज्यांस पुष्कळ ठिकाणी कमानी म्हणतात, उंच बसविल्याने अथवा त्यांच्या टोकाची शॅकल लांब केल्याने गाडीची चौकट व टप वर जातात. अ‍ॅक्सल मात्र होता तेथेच राहतो. डिफरन्शलची पेटी अ‍ॅक्सलवरच असल्यामुळे ती जमिनीपासून तसूभरही वर जात नाही. ती वर न्यावयाची तर टायर मोठा बसविण्यावाचून गत्यंतर नाही. २८ इंच व्यासाच्या टायरऐवजी ३१ इंचांचा घातला तरी पेटी दीड इंचच वर जाते, कारण व्यासातील निम्मीच वाढ अ‍ॅक्सलखाली पडते. चौकट उचलण्याचा मुख्य उपयोग हा मोठा टायर मडगार्डास न घासता फिरावा एवढाच. हे न जाणता केवळ पाटे उंच करून चिखलावर मात करू पाहणाऱ्याच्या पदरी निराशा येते.

त्याहून आधी पाहावयाची गोष्ट म्हणजे गाडी मुळातच खचली आहे काय. वर्षानुवर्षे बियाणे, खते व मजूर यांची वाहतूक केलेल्या गाडीचे पाटे सपाट होतात व तिची उंची दीड-दोन इंचांनी सहज कमी झालेली असते. अशा वेळी मूळ मापाचे नवे पाटे बसविल्यास गाडी आपल्या जागी येते आणि पुढे सांगितलेल्या बहुतेक दुरुस्त्यांची गरज उरत नाही. वरून एक जाड पाटा वाढविण्याची जी सर्रास पद्धत आहे ती मात्र चांगली नव्हे. तिने गाडी उंच होण्यापेक्षा ताठ अधिक होते, आणि रिकामी असताना उसळून चाकांची रस्त्यावरील पकड सोडते.

सुकाणूच्या दुरुस्त्या

पुढील चाक ज्या किंगपिनभोवती वळते तिचा माथा किंचित मागे कललेला असतो. या कलास कॅस्टर म्हणतात. वळण घेतल्यानंतर सुकाणू चक्र आपोआप सरळ होते ते यामुळेच. शॅकल पुढील टोकास असलेल्या गाडीत ती लांब केली की अ‍ॅक्सल पुढच्या अंगास कलंडतो व कॅस्टर घटतो. मग गाडी सरळ रस्त्यावरही इकडेतिकडे भटकू लागते. आणि किंगपिनचे बेअरिंग किंवा टायरॉडची टोके झिजलेली असतील तर एखाद्या खड्ड्याचे निमित्त होऊन पुढील चाके जोराने फडफडू लागतात. सुकाणू हातात धरवत नाही. असा प्रसंग आल्यास एकदम ब्रेक दाबू नये. अ‍ॅक्सिलरेटर सोडून गाडी हळूहळू संथ होऊ द्यावी.

कॅस्टर पुन्हा मूळ अंशावर आणण्यासाठी पाटा व अ‍ॅक्सल यांच्यामध्ये निमुळती पोलादी पाचर बसवितात. अ‍ॅल्युमिनियमची पाचर स्वस्त मिळते, परंतु ती धक्क्याने तडकते. पाचर दोन ते चार अंशांची पुरे. तिची जाड बाजू पुढे घ्यावी की मागे, हे अंदाजाने न ठरविता मापनयंत्रावर तपासून ठरवावे, कारण उलट बसलेली पाचर दोष दुप्पट करते. येथे आणखी एक अडचण आहे. चारही चाकांस शक्ती पुरविणाऱ्या गाडीत पुढील डिफरन्शलचे तोंड मागे, गिअरपेटीकडे असते. कॅस्टर वाढविला की हे तोंड खाली झुकते आणि पुढील प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो. शॅकल मागील टोकास असलेल्या गाडीत तर ती लांब केल्याबरोबर हेच घडते. दोहोंचा मेळ घालावा लागतो, आणि उंची जितकी अधिक तितका हा मेळ अवघड. दोन इंचांपर्यंत तो साधारणपणे जमतो. त्यापुढील उंची शेतीच्या गाडीस उपकारक नाही.

दुसरी दुरुस्ती ड्रॅग लिंकची, म्हणजे सुकाणूच्या पेटीपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याची. गाडी उंच झाल्यावर हा दांडा तिरपा होतो. प्रत्येक उंचवट्यावर अ‍ॅक्सल वर आला की तिरपा दांडा चाकास ढकलतो आणि चालकाने सुकाणू न हलविताही गाडी बाजूस ओढली जाते. पेटीवरील भुजा खाली वाकलेल्या आकाराची बसवून दांडा शक्य तितका आडवा करावा. सुकाणू चक्र वाकडे दिसू लागले म्हणजे काही कारागीर ते खोलून सरळ करून बसवितात. असे करू नये. दोष दांड्याच्या लांबीत असतो, तेथेच तो काढावा; अन्यथा पेटीचा मध्य सुटतो आणि एका अंगास वळण कमी मिळते.

पुढील चाके स्वतंत्रपणे वरखाली होणाऱ्या नव्या धाटणीच्या गाड्यांत उंची वाढताच चाकांचा उभा कल व टो-इन हे दोन्ही बदलतात. त्यांचे काम मापनयंत्राशिवाय हाती घेऊच नये.

प्रोपेलर शाफ्ट

मागील शाफ्टचा कोन किती बदलतो हे शाफ्टच्या लांबीवर अवलंबून असते. समजा, गाडी ३ इंच उचलली आहे. शाफ्ट ४८ इंच लांब असेल तर कोन सुमारे साडेतीन अंशांनी वाढतो. शाफ्ट २४ इंचांचा असेल तर सुमारे सात अंशांनी. म्हणून आखूड जीपगाडीस जो त्रास होतो तो लांब पिक-अपला होत नाही. शाफ्टच्या दोन्ही टोकांस साधे क्रॉस असतील, तर गिअरपेटीतून निघणारा दांडा व डिफरन्शलमध्ये शिरणारा दांडा एकमेकांस समांतर असले पाहिजेत. ते तसे नसतील तर ठराविक वेगास गाडी थरथरते आणि क्रॉस अकाली जातात. याशिवाय शाफ्टचा सरकता सांधा किती बाहेर आला आहे तेही पाहावे. तो जेमतेम अडकलेला राहिला तर खोल खड्ड्यात निसटण्याचा संभव असतो.

ब्रेक व शॉकअ‍ॅब्सॉर्बर

सर्वांत स्वस्त व सर्वांत दुर्लक्षित दुरुस्ती ब्रेकच्या रबरी नळीची होय. चौकट वर गेली, अ‍ॅक्सल खालीच राहिला, तर त्यांच्यामधील नळी ताणली जाणार हे उघड आहे. सपाट जागी ती ठीक दिसते. याकरिता चौकटीखाली भक्कम आधार देऊन अ‍ॅक्सल मोकळा लोंबू द्यावा, सुकाणू दोन्ही अंगांस पूर्ण वळवावे आणि प्रत्येक स्थितीत नळीत ढिलाई उरते काय ते डोळ्यांनी पाहावे. नळी ताठ होत असल्यास लांब नळी घालावी. त्याच वेळी शॉकअ‍ॅब्सॉर्बरही तपासावा; लोंबणाऱ्या अ‍ॅक्सलचा भार त्यावर येत असेल तर तो आखूड आहे असे समजावे. मोठे टायर घातले असल्यास चाक मडगार्डावर आपटू नये म्हणून रबरी ठोकळाही तितकाच वाढवावा.

काही पिक-अप गाड्यांत मागील ब्रेकचा दाब भारानुसार कमीअधिक करणारी झडप असते. चौकट व अ‍ॅक्सल यांमधील अंतरावरून ती भार ओळखते. अंतर वाढले की भरलेली गाडीही तिला रिकामी भासते व मागील ब्रेक दुबळे पडतात. उंची वाढविल्यावर या झडपेची कांडी नव्याने जुळवून घेतलीच पाहिजे.

मागील अ‍ॅक्सलवर ठोकळे ठेवून उंची घेतल्यास यू-बोल्ट नवे व योग्य लांबीचे घ्यावेत. ताणलेले जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत. लाकडी ठोकळा किंवा एकावर एक रचलेले ठोकळे चालणार नाहीत. पुढील अ‍ॅक्सलखाली तर ठोकळा मुळीच घालू नये, कारण ब्रेक लावताच पाट्यांवर भलता पीळ येतो.

कापसाचे भरित व कायदा

कापूस वजनाने हलका पण आकाराने मोठा, त्यामुळे भरित उंच होते. समजा, दोन चाकांतील अंतर ४८ इंच असून गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून २४ इंचांवर आहे. तो २७ इंचांवर गेला तर गाडी कलंडविण्यास लागणारा आडवा जोर नवव्या हिश्शाने कमी होतो. त्यावर कापसाचा ढीग चढला म्हणजे स्थिती आणखी नाजूक होते. उंच केलेल्या गाडीत भरित फाळक्याच्या वर नेऊ नये आणि मजुरांना ढिगावर बसवू नये. मोठ्या टायरमुळे वेगमापकही खोटे बोलू लागतो. वरील ३१ इंचांच्या उदाहरणात काटा ६० दाखवीत असता गाडी प्रत्यक्षात ताशी सुमारे ६६ किलोमीटर धावत असते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून वाहनात फरक करण्यावर निर्बंध आहे. म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वीच वर्धा येथील परिवहन कार्यालयात चौकशी करावी. परवानगी न घेता बदललेल्या गाडीस अपघात झाला तर विम्याच्या दाव्यातही अडचण येऊ शकते.

चालवून पाहणे

काम पूर्ण झाल्यावर शॅकलचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून, तिचे वजन पाट्यांवर आल्यानंतरच घट्ट करावेत. लोंबत्या स्थितीत आवळल्यास आतील रबरी बुश पिळून लवकर फाटतात. नंतर मोकळ्या रस्त्यावर गाडी रिकामी असताना प्रथम ताशी २०, मग ४० किलोमीटर वेगाने चालवावी, ब्रेक लावून ती कोणत्या अंगास ओढते ते पाहावे, आणि सर्व ठीक वाटल्यावरच वेग वाढवावा. रात्रीपूर्वी दिव्यांचा झोतही खाली करून घ्यावा, कारण गाडीबरोबर तोही उचलला गेलेला असतो व समोरच्या चालकाचे डोळे दिपवितो. सुमारे शंभर किलोमीटर चालल्यावर नवे पाटे थोडे बसतात व यू-बोल्ट सैल पडतात; ते सर्व पुन्हा एकदा आवळून घ्यावेत व कॅस्टरचे माप त्यानंतर दुसऱ्यांदा घ्यावे.